विचारा तर खरं : लढाई जिंकली अन् राज्य गेलं

मागच्या अंकात सीताबर्डीच्या किल्ल्याबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो, की नागपूर खालसा झालं त्याच्या बारा वर्षांनी युरोपातलं हॅनोव्हरचं राज्यपण, लढाई जिंकूनसुद्धा, असंच एका कागदावर संपलं. बस, एवढंच. किल्ल्याबद्दल एकानंही विचारलं नाही, सगळे हॅनोव्हरच्या मागे लागले. व्हॉट्सॲपवर आले, पोस्टकार्डावर आले (हो, अजून दोघंतिघं लिहितात), आणि एकानं तर बुधवार बाजारात मी संत्र्यांचा भाव करून राहिलो होतो तिथेच गाठलं. म्हणून यावेळी सगळी जागा त्या एका राज्याच्या एका वर्षाला, १८६६ ला.

प्रश्न (इतवारी) : सर, आजोबाच्या तिकिटांच्या अल्बममधे एक गुलाबी तिकीट भेटलं. त्याच्यावर एका माणसाचं बाजूनं तोंड आहे अन् वरून हॅनोव्हर लिहिलं आहे. पोरगा म्हणते का असा देशच नाही. मग तिकीट कोणी छापलं? फोटो पाठवला आहे, पाहा.

पाहिला. पोरगा बरोबर बोलतो, पण दीडशे वर्षं उशिरा. देश होता. १८५९ मध्ये निघालेलं एक ग्रोशनचं (तिथलं छोटं नाणं) तिकीट आहे हे, आणि त्यावरचा माणूस म्हणजे त्या देशाचा शेवटचा राजा, पाचवा जॉर्ज. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज नाही बरं, तो पुष्कळ नंतरचा. नावं सारखी कारण घराणंच एक. १७१४ मध्ये इंग्लंडच्या गादीला प्रॉटेस्टंट वारस पाहिजे होता, तो जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये सापडला, आणि तेव्हापासून १२३ वर्षं एकच माणूस दोन्हीकडचा धनी. १८१४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेच्या वेळी हॅनोव्हरला 'राज्य' हा दर्जा मिळाला. मग १८३७ आलं. इंग्लंडची गादी व्हिक्टोरियाला मिळाली, पण हॅनोव्हरच्या कायद्यात घराण्यात पुरुष शिल्लक असेतोवर बाई गादीवर बसू शकत नव्हती, म्हणून तिकडे तिचा काका अर्न्स्ट ऑगस्ट राजा झाला. आल्या आल्या यानं राज्यघटना रद्द केली, आणि ग्योटिंगेन विद्यापीठातल्या ज्या सात प्रोफेसरांनी लेखी निषेध केला त्यांना त्याच वर्षी घरी बसवलं. त्या सातांत दोघं ग्रिम बंधू होते, हिमगौरीच्या गोष्टी गोळा करणारे तेच. काकाच्या नंतर १८५१ मध्ये त्याचा मुलगा जॉर्ज गादीवर आला, तो तुमच्या तिकिटावरचा.

आता तिकीट पुन्हा एकदा जवळून पाहा. बाजूनं चेहरा असल्यामुळे एकच डोळा दिसतो. त्या डोळ्यानं आणि न दिसणाऱ्या दुसऱ्याही डोळ्यानं या राजाला काहीच दिसत नव्हतं. एक डोळा लहानपणच्या आजारात गेला, दुसरा चौदाव्या वर्षी अपघातात. आपलंच तोंड असलेलं तिकीट त्यानं कधी पाहिलं नाही.

प्रश्न (मानेवाडा) : आंधळा माणूस राजा कसा काय झाला? आपल्याकडे धृतराष्ट्र होता म्हणा.

धृतराष्ट्र आठवणारच, मलाही आठवला. पण फरक असा की धृतराष्ट्राला आंधळा म्हणून आधी डावललं आणि मग नाइलाजानं बसवलं, इथे बापानं आधीपासूनच व्यवस्था लावून ठेवली होती, की कागद राजाला वाचून दाखवायचा आणि सही साक्षीदारांसमोर व्हायची. म्हणजे वाचून दाखवणारा माणूस किती महत्त्वाचा झाला बघा! राजा घोड्यावर बसायचा, सैन्याची पाहणीपण करायचा. आपल्याला दिसत नाही हे लोकांना जाणवू नये याची धडपड त्यानं जन्मभर केली. स्वभाव हट्टी आणि आपलं घराणं देवानंच नेमलंय यावर पक्का विश्वास, आणि १८६६ मध्ये नेमका हाच स्वभाव नडला.

प्रश्न (रामदासपेठ) : प्रशियाला हॅनोव्हरच का हवं होतं? काही सोनं-कोळसा वगैरे?

नकाशा. बाकी सगळं नंतर. प्रशिया म्हणजे तेव्हाचं जर्मनीतलं दांडगं राज्य. मानेवाड्याकडे एखाद्या लेआउटमध्ये तुमचा प्लॉट मधोमध आहे आणि दोन्ही बाजूचे प्लॉट एकाच बिल्डरनं घेऊन ठेवले आहेत असं समजा. बिल्डर रोज चहाला बोलवेल, गोड बोलेल, पण त्याच्या ड्रॉइंगमध्ये तुमच्या प्लॉटवर आधीच पार्किंग काढून झालेलं असेल. प्रशियाचा एक तुकडा पूर्वेला बर्लिनकडे, दुसरा पश्चिमेला ऱ्हाइनकडे, आणि मध्ये हॅनोव्हर आडवं. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क हा तो बिल्डर.

निमित्त दुसऱ्याच भांडणाचं झालं. डेन्मार्ककडून घेतलेल्या श्लेस्विग-होल्श्टाइन या मुलखाच्या वाटणीवरून प्रशिया आणि ऑस्ट्रियाची जुंपली. १४ जून १८६६ ला फ्रँकफुर्टच्या जर्मन संघसभेत प्रशियाविरुद्ध सैन्य उभं करायचं का यावर मतदान झालं आणि हॅनोव्हरनं ऑस्ट्रियाच्या बाजूनं मत टाकलं. दुसऱ्याच दिवशी प्रशियाचा निरोप आला, की सैन्याची जमवाजमव थांबवा, आमच्या नव्या संघात या, आणि उत्तर आजच्या आज पाहिजे. राजानं नाही म्हटलं. ख्रिस्ती म्हणून, राजा म्हणून आणि वेल्फ म्हणून (वेल्फ हे त्या घराण्याचं नाव) मला दुसरं काही करताच येत नाही, असं तो म्हणाला म्हणून सांगतात. रात्रीतून निघून तो आणि युवराज ग्योटिंगेनला सैन्याजवळ गेले, आणि १७ तारखेला राजधानीत प्रशियाचे शिपाई.

प्रश्न (कामठी) : साहेब, मी फौजेत होतो, आता रिटायर. तुम्ही लिहिलं की हॅनोव्हरनं लढाई जिंकली. जिंकली तर शरण काहून गेले? दोन दिवसांत असं काय झालं?

हवालदारसाहेब, तुमचाच प्रश्न मला सगळ्यात आवडला, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार.

हॅनोव्हरचं सैन्य होतं वीस हजाराच्या आतबाहेर. माणसं चांगली, घोडदळ तर फारच चांगलं (तिथले घोडे आजही नावाजलेले आहेत), पण लढाईची तयारी शून्य. जो जिथे होता तिथून उठून ग्योटिंगेनला आला, दारूगोळा अर्धवट, गाड्या अपुऱ्या, आणि लढायचं का पळायचं का बोलणी करायची हेच ठरत नव्हतं. ठरलं ते असं, की दक्षिणेला जाऊन बव्हेरियाच्या सैन्याला मिळायचं, ते ऑस्ट्रियाच्या बाजूचे. रस्ता थुरिंगियातून. मध्ये गोथा आणि आयझेनाखला जोडणारी रेल्वे लाइन लागते, आणि तिथे २३-२४ जूनच्या सुमाराला प्रशियाची माणसं अगदीच तुरळक होती. तेव्हा घुसले असते तर बहुतेक निघून गेले असते. पण त्याच दिवसांत प्रशियाशी तहाची बोलणी चालू होती, आज उत्तर येते, उद्या येते, थांबा. तुम्हाला सांगायला नको की थांबलेल्या फौजेचं काय होतं. समोरच्यानं त्या दिवसांत आगगाडीनं माणसं आणून ओतली.

२७ जूनला लांगेनझाल्ट्सा या गावाजवळ गाठ पडली. हा मुलूख प्रशियाचाच, म्हणजे हॅनोव्हरवाले शत्रूच्या घरात लढत होते. मध्ये उन्स्ट्रुट नावाची नदी, पलीकडे मेर्क्सलेबेन हे खेडं आणि तिथल्या उंचवट्यावर हॅनोव्हरचं सैन्य. प्रशियाचा जनरल फ्लीस साधारण नऊ हजार माणसं घेऊन आला आणि समोर दुपटीच्या जवळपास सैन्य असताना हल्ला करून बसला. त्याच्याकडे मागून काडतूस भरायच्या नव्या बंदुका, यांच्याकडे अजून नळीच्या तोंडातून ठासायच्या. म्हणजे पलीकडचा पडल्या पडल्या भरतो आणि हा उभा राहून गज मारतो. तरीपण सकाळचा हल्ला यांनी थोपवला, दुपारी नदी ओलांडून उलटा चढवला, शेवटी घोडदळ घातलं, आणि प्रशियावाले मागे हटले. रणरणत्या उन्हात कितीतरी माणसं नुसती उन्हानंच कोसळली असं वर्णन आहे. आपल्याला जर्मनी म्हटलं की बर्फच डोळ्यासमोर येतो, पण जून तिथलाही जूनच.

जिंकले. पण जिंकणाऱ्यांचे मेलेले-जखमी मिळून चौदाशेच्या आसपास, हरणाऱ्यांपेक्षा जास्त. दारूगोळा संपत आलेला, पोटाला पुरेसं नाही, घोडे थकलेले, आणि बव्हेरियावाले आलेच नाहीत. सकाळपर्यंत प्रशियाच्या दुसऱ्या तुकड्या चहूबाजूंनी जवळ यायला लागल्या, सगळ्या मिळून यांच्या दुपटीपेक्षा जास्त. सेनापती आरेन्ट्सशिल्ट आणि बाकीच्या अधिकाऱ्यांनी राजाला सरळ सांगितलं, की यापुढे लढणं म्हणजे माणसं फुकट मारणं. २९ जूनला शरणागती. अटी अपमानाच्या नव्हत्या. शिपायांनी हत्यारं खाली ठेवून घरी जायचं, अधिकाऱ्यांच्या तलवारी आणि पगार कायम, राजानं हॅनोव्हर सोडून पाहिजे तिथे राहायचं. तो व्हिएन्नाला गेला. चारच दिवसांनी, ३ जुलैला, क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियानं ऑस्ट्रियाचं कंबरडंच मोडलं, मग विचारतो कोण!

सीताबर्डीला १८१७ मध्ये नोव्हेंबरच्या दोन दिवसांत इंग्रजांसमोर आप्पासाहेब भोसल्यांकडे माणसं जास्त होती आणि हरले, इथे माणसं जास्त होती आणि जिंकले, दोन्हीकडचा शेवट मात्र तोच. पुढचं तुम्ही मला सांगा, फौजेतले तुम्ही.

प्रश्न (महाल) : भाऊ, माझ्या सासूबाई सांगायच्या की नागपूरच्या गादीला पोटचा वारस नव्हता म्हणून इंग्रजांनी राज्य घेतलं. मग त्या राजालाही मूल नव्हतं का? आणि त्याच्या राणीचं काय झालं?

काकू, मूल होतं. चांगला वीस वर्षांचा मुलगा, बापासोबत घोड्यावर बसून लढाईला आलेला, वर दोन मुली. आपल्याकडे तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले, अंत्यविधी यशवंतरावांनी केले, राण्यांनी त्यांनाच जानोजी म्हणून दत्तक घेतलं, आणि कंपनी सरकारनं राज्यापुरतं ते दत्तक मानलंच नाही, १८५४ मध्ये नागपूर खालसा. पुढे काही वर्षांनी जानोजींना देऊरचे राजेबहादूर हा किताब दिला, राज्य नाही. आपण आजवर समजतो की वारस असता तर वाचलं असतं. हॅनोव्हरला पोटचा वारस होता, औरस, वयात आलेला, शिवाय रणांगणावर जिंकलेलं सैन्य होतं, आणि २० सप्टेंबर १८६६ ला बर्लिनमध्ये एक कायदा झाला आणि हॅनोव्हर, हेसेन-कासेल, नासाउ आणि फ्रँकफुर्ट शहर, चौघंही एका झटक्यात प्रशियात. मला तर वाटतं घ्यायचं आधी ठरतं, कलम नंतर शोधतात. प्रशियाचा राजा विल्हेल्म स्वतः राजा, त्याला दुसऱ्या राजाची गादी मोडायला कसंसंच वाटत होतं, त्याचं म्हणणं सगळ्यांचा थोडाथोडा तुकडा घेऊ. बिस्मार्क म्हणे अर्धवट कापलेला शेजारी जन्मभर वैर धरतो, त्यापेक्षा पूर्णच घ्या.

आणि नात्याची गंमत ऐका. व्हिक्टोरिया आणि हा जॉर्ज सख्खे चुलत बहीणभाऊ, दोघं १८१९ च्या मे महिन्यातले, ती २४ ची, तो २७ चा. तिची थोरली मुलगी प्रशियाच्या युवराजाला दिलेली. दुसरी मुलगी अ‍ॅलिस हेसेनला दिलेली, ते जावईबापू प्रशियाच्या विरुद्ध बाजूनं लढत होते. म्हणजे एक जावई इकडे, एक जावई तिकडे, आणि मधे चुलतभाऊ. एखाद्या लग्नघरात पंगतीला कोणाशेजारी कोणाला बसवायचं हा प्रश्न पडतो ना, तसं. इंग्लंडच्या सरकारनं हात झटकले, तटस्थ राहिलं. जिच्या काळात आपल्याकडची राज्यं एकेक करून गेली, तिच्या स्वतःच्या बापजाद्यांचं राज्य जाताना तिलाही काही करता आलं नाही.

राणीचं विचारलंत. तिचं नाव मारी. नवऱ्यानं १८५७ च्या वाढदिवसाला तिला मारियेनबुर्ग नावाचा महाल भेट द्यायचं ठरवलं, राजधानीच्या दक्षिणेला टेकडीवर, त्याचं बांधकाम अजून पुरतं संपलेलंही नव्हतं. नवरा व्हिएन्नाला गेला तरी ही बाई हलली नाही. त्या अर्धवट महालात मुलीला घेऊन वर्षभर राहिली, बाहेर प्रशियाचा पहारा, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर. शेवटी जुलै १८६७ मध्ये गेली. मला नागपूरच्या भोसल्यांच्या राणी बाकाबाई आठवल्या. वय झालेलं, राज्य गेलेलं, आणि वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा सामानाला हात लावाल तर वाडाच पेटवून देईन असं म्हणाल्याची हकीकत खुद्द इंग्रजांनीच लिहून ठेवली आहे. दागिने कलकत्त्याला विकायला गेले, हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावाला. आता तिथे आपण मोबाइलचं कव्हर घ्यायला जातो.

प्रश्न (बजाजनगर, कॉलेजचा विद्यार्थी) : आम्ही मॅथ्समध्ये रीमान इंटिग्रल शिकतो, तो रीमान याच राज्यातला ना?

शाब्बास, हे मला वाटलं नव्हतं कोणी विचारेल. हो, बर्नहार्ड रीमान हॅनोव्हर राज्यातल्या खेड्यात जन्मलेला, पाद्र्याचा मुलगा, ग्योटिंगेनला प्रोफेसर. क्षयानं पोखरलेला. जून १८६६ मध्ये दोन्ही सैन्यांच्या गडबडीत त्यानं ग्योटिंगेन सोडलं आणि इटलीला गेला, आणि २० जुलैला माज्जोरे सरोवराकाठी सेलास्का इथे वारला. वय ३९. राज्य कायद्यानं संपायच्या दोन महिने आधी. १८५९ मध्ये, म्हणजे इतवारीच्या त्या तिकिटाच्याच वर्षी, त्यानं मूळ संख्यांबद्दल जो अंदाज मांडला तो अजून कोणाला सिद्ध करता आलेला नाही आणि त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलेलं आहे. परीक्षा झाली की बघा जमतंय का.

प्रश्न (सदर) : राजाच्या खजिन्याचं काय झालं? प्रशियानं तोही लिलावात काढला का?

इथे ते आपल्यापेक्षा हुशार निघाले. प्रशियावाले यायच्या आत राज्याचे पुष्कळसे रोखे लंडनला पोचवले होते, त्यामुळे वाटाघाटीला हातात काहीतरी होतं. १८६७ मध्ये करार झाला, रोखे परत द्यायचे आणि राजाला नुकसानभरपाई १ कोटी ६० लाख थालर (तिथलं चांदीचं नाणं). पण राजा व्हिएन्नात बसून गादी परत घेण्याच्या गोष्टी करत होता, त्याच्या नावानं परदेशात सैनिकांची एक तुकडीसुद्धा उभी राहिली होती, ते निमित्त करून १८६८ मध्ये प्रशियानं ती सगळी रक्कम जप्त केली. मग त्या रकमेचं व्याज कुठे गेलं? बिस्मार्कच्या हातात, हिशोब कोणाला द्यायचा नाही. विरोधकांना सरपटणारे प्राणी म्हणून त्यांच्या बिळापर्यंत पाठलाग करायचा असं तो बोलला होता, पण पैसा वर्तमानपत्रांना पोसायला वापरला जातो हे लोकांच्या लक्षात आलं तेव्हा लोकांनी तो शब्द त्याच्यावरच उलटवला आणि त्या पैशाला 'सरपटणाऱ्यांचा फंड' असं नाव पडलं. पेड न्यूज हा आपला शोध नाही, एवढंच. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग, तो परीकथेतल्यासारखे किल्ले बांधणारा, त्यालाही यातूनच गुपचूप पैसे गेले, जर्मन साम्राज्याला त्यानं होकार द्यावा म्हणून. आंधळ्या राजाच्या पैशांनी दुसऱ्या राजाचं मत विकत घेतलं म्हणा ना. जप्ती उठली १८९२ मध्ये, तोवर जॉर्जला पॅरिसमध्ये वारून चौदा वर्षं झाली होती. त्याला पुरलं इंग्लंडमध्ये, विंडसरला.

प्रश्न (हिंगणा रोड) : आता तिथे काय आहे?

प्रशियाचा प्रांत म्हणून राहिलं, १९४६ पासून नीडरझाक्सेन राज्यात आहे आणि हॅनोव्हर त्याची राजधानी. झेंड्यावर लाल ढालीत जुनाच पांढरा घोडा. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखानदारांना हॅनोव्हरचा इंडस्ट्रीचा मेळा ऐकून माहीत असतो, ते हेच शहर. आणि १९१३ मध्ये आंधळ्या राजाच्या नातवाचं लग्न झालं ते प्रशियाच्याच कैसरच्या मुलीशी, महालच्या काकूंसाठी ही बातमी वेगळी सांगतो.

इतवारीवाल्यांनी फोटोखाली छोट्या अक्षरात तिकिटाचे किती पैसे येतील हेपण विचारलं आहे. हा नमुना दुर्मिळ नाही, तेव्हा फ्लॅटच्या गोष्टी करू नका. पण आधी ते चिमट्यानं उलटवून पाहा, बोटानं नाही. हॅनोव्हरच्या जुन्या तिकिटांना मागे गुलाबीसर गोंद असायचा, दुसऱ्या देशांच्या तिकिटांत तो सहसा दिसत नाही. १८६६ च्या ऑक्टोबरपासून तिथे प्रशियाची तिकिटं लागू झाली आणि तो गोंद कोणाच्या जिभेला लागायचा बंद झाला. तुमच्या तिकिटाला तो शाबूत असेल तर शिक्का न बसलेलं, कधी पाकिटावर न चिकटलेलं तिकीट आहे, आणि पोराला साफ करायची हौस आली तरी ते पाण्यात बुडवू देऊ नका.